तिथीची पाऊणपट

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या मुंबईच्या जुन्या मराठी वस्त्यांमधील कुटुंबांच्या प्रवासाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्यात कोकणचा किनारा ‘पाहणे’ हे प्रकरण फार उशिरा, जवळजवळ परिशिष्टात घ्यावे लागेल. कारण या वस्त्यांतील मंडळी पिढ्यान्‌पिढ्या कोकणात जात आली असली, तरी ती शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत ‘गावी’ जात आली, आणि गावी जाणाऱ्या माणसाने वाटेत काही पाहावे अशी अपेक्षा कोणी कधी बाळगली नाही. पनवेलहून पेण, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण अशा क्रमाने सह्याद्रीच्या पायथ्याला धरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी 17 होता आणि आता 66 आहे, समुद्रापासून बराच आत आहे; एसटीची गाडी तो रात्रीतून कापते; आणि 1998 साली संपूर्ण मार्गावर धावू लागलेली कोकण रेल्वे बराच वेळ डोंगरांच्या पोटात असते. परिणामी, ज्या गृहस्थाने चाळीस वर्षे न चुकता मालवण गाठले, त्याला गुहागर हे गाव केवळ परळच्या आगारातील पाटीवरून ठाऊक असते, आणि ज्याचे गाव गुहागर, तो मालवणला परदेशच समजतो.

आगबोटीने जाणारी पिढी हा याला एकमेव अपवाद. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जाई. बहुतेक ठिकाणी ती खोल पाण्यातच उभी राही आणि प्रवाशांना पडावात, म्हणजे माणसे व माल वाहणाऱ्या मोठ्या होडीत, ट्रंका-वळकट्यांसह उतरवून किनाऱ्याला लावले जाई. या पिढीने संपूर्ण किनारा पाहिला हे खरे. परंतु बोट लागण्याचा विकार सार्वत्रिक असल्यामुळे बहुतेकांनी तो कठड्यावर ओणवे होऊन पाहिला, आणि म्हणूनच त्यांच्या आठवणींत निसर्गशोभेपेक्षा आवळासुपारीला व लिंबाला अधिक स्थान मिळालेले दिसते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र या वस्त्यांमध्ये प्रवाशांचा एक नवा वर्ग उदयास आला असून तो नेमका दोघांचा असतो. नवरा बँक, विमा, बेस्ट, महापालिका किंवा गोदी यांपैकी कोठून तरी नुकताच निवृत्त झालेला. बायको शाळेतून किंवा टेलिफोन खात्यातून आधीच बाहेर पडून त्याच्या निवृत्तीची काहीशा धास्तीने वाट पाहत बसलेली. मुलगा हिंजवडीला, मुलगी कॅनडात. आणि इमारतीखाली, आठवड्यातून एकदा पुसली जाणारी व महिन्यातून एकदा सिद्धिविनायकापर्यंत नेऊन परत आणली जाणारी एक लहान मोटार. मोटारीच्या या वैराग्याची प्रथम मुलांना कणव येते, मग ‘आता तरी दोघं जरा निवांत फिरून या’ असा सल्ला दूरध्वनीवरून येतो, आणि पाहता पाहता रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग, कोठेही घाई न करता, थांबत थांबत पार करण्याचा संकल्प सोडला जातो. सागरी महामार्ग म्हणजे रायगड जिल्ह्यातील रेवस बंदरापासून गोव्याच्या सीमेलगतच्या रेडी गावापर्यंत समुद्राच्या कडेकडेने जाणारा राज्याचा रस्ता. त्याचा आग्रह बॅरिस्टर अंतुले यांनी 1980 ते 1982 या आपल्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात धरला होता, आणि वाटेतील मोठ्या खाड्यांपैकी काहींवरचे पूल अद्याप व्हावयाचे असल्यामुळे तो नकाशावर अखंड आणि जमिनीवर तुकड्यातुकड्यांचा आहे.

येथे ‘निवांत’ या कल्पनेचा थोडा खुलासा आवश्यक आहे. ज्या माणसाने पस्तीस वर्षे दादरहून 8.42 ची लोकल पकडली, किंबहुना 8.42 हीच ज्याच्या व्यक्तिमत्त्वाची मुख्य खूण होती, तो निवांतपणाही वक्तशीरपणेच अंगीकारतो. सहलीचा तक्ता संगणकावर तयार होतो, त्याच्या दोन प्रती काढल्या जातात, एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कप्प्यात ठेवली जाते आणि दुसरी, न जाणो, बायकोच्या पर्समध्ये. त्यात ‘हरिहरेश्वर: सूर्यास्त 6.25 ते 6.40, चहा 6.40 ते 6.50, निवांत 6.50 ते 7.30’ अशा नोंदी असतात. फेब्रुवारी महिना निवडलेला असतो. कारण तेव्हा ऊन सोसण्यासारखे असते, आंबा झाडावर असतो, शाळांना सुट्टी नसते आणि प्राप्तिकराचे कागद अजून महिनाभर पुढे ढकलता येतात.

या जोडप्याला किनाऱ्याने जाणारा रस्ता मुळीच अपरिचित असतो असे नाही. गिरगावकराच्या तर दारातच तो झालेला आहे. मार्च 2024 मध्ये ज्याचा पहिला टप्पा खुला झाला, तो सुमारे साडेदहा किलोमीटरचा मुंबईचा किनारा रस्ता मरीन ड्राइव्हहून निघून वरळीला सागरी सेतूला मिळतो. मात्र गिरगाव चौपाटीजवळ तो जो जमिनीखाली शिरतो तो मलबार टेकडीच्या पोटातून दोन किलोमीटर जाऊन प्रियदर्शिनी पार्कपाशी वर येतो, म्हणजे किनारा रस्त्याचा मोठा भाग किनाऱ्याला तोंडही न दाखवता उरकतो, आणि उरलेल्या भागात समुद्र दिसतो खरा, पण तो पाहण्यासाठी गाडी थांबवल्यास दंड होतो. समुद्रकाठचा रस्ता म्हणजे समुद्र लवकरात लवकर मागे टाकण्याची सोय, अशी पक्की समजूत करून घेऊन हे जोडपे कोकणाकडे निघते.

निघण्यापूर्वी सामान भरले जाते, आणि या विषयात थोडे रेंगाळणे भाग आहे. दोन माणसांच्या दहा-बारा दिवसांच्या सहलीला दोन बॅगा पुरतात असे कोणीही मान्य करील. तथापि, या वस्त्यांमध्ये प्रवास ही खाजगी बाब मानली जात नाही. ‘जाताच आहात तर’ या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये जिन्यात, गॅलरीत व पाणी भरताना कानावर पडू लागतात आणि जो तो आपापले ओझे या दोघांच्या निवांतपणात मिसळू लागतो: राजापूरच्या आत्याचा चष्मा, आचऱ्याच्या भाच्यासाठी मोबाईलचा चार्जर, कुणकेश्वराला वाहण्यासाठी पाकिटात घातलेले एकशे एक रुपये, आणि पावसला कोणाला तरी द्यावयाची, आत काय आहे हे न सांगता दोरीने बांधलेली एक पेटी. बायकोच्या बाजूने लालबागच्या चिवडा गल्लीतून दोन किलो चिवडा आलेला असतो. कारण वाटेत नातेवाईक लागणार आणि रिकाम्या हाताने उंबरठा ओलांडणे शक्य नसते. डिकीत सर्वांत तळाशी घडी करून ठेवलेल्या सहा मोठ्या रिकाम्या पिशव्या असतात. कोकम, आगळ, कुळथाचे पीठ, काजूगर, फणसपोळी आणि सुका जवळा यांच्यासाठी राखून ठेवलेली ही जागा पाहिली, की हे जोडपे प्रवासाला निघाले आहे की बाजाराला, असा प्रश्न तटस्थ निरीक्षकास पडतो.

‘अहो, चटई घेतलीत?’ असे बायको विचारते.

‘अगं, हॉटेलात चटई कशाला?’

‘हॉटेलात नको. पण लागली तर?’

चटई घेतली जाते. ‘लागली तर’ या युक्तिवादाला मराठी न्यायशास्त्रात आजवर उत्तर सापडलेले नाही.

दक्षिणेकडे जाण्यास आता मार्ग पुष्कळ झाले आहेत. शिवडीहून निघून थेट उरणच्या बाजूला उतरणारा, जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला सुमारे 22 किलोमीटरचा अटल सेतू लालबागकराला हाकेच्या अंतरावर आहे. परंतु ज्याच्या आजोबांनी भाऊच्या धक्क्यावर आगबोट पकडली, त्याचा ओढा 2020 पासून त्याच धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसकट माणसे नेणाऱ्या रो-रो बोटीकडे असतो. तासाभराच्या या जलप्रवासात नवरा वातानुकूलित कक्षात न बसता वरच्या डेकवर जाऊन उभा राहतो, क्षितिजाकडे पाहतो आणि आपल्या रक्तातच दर्यावर्दीपणा असल्याचे बायकोला सांगतो. ती आवळासुपारी पुढे करते.

मांडव्यानंतर खरा किनारा सुरू होतो, आणि त्याची घडण समजून घेतल्याशिवाय पुढील घटनांचा उलगडा होणार नाही. सह्याद्री येथे समुद्राच्या इतका जवळ आहे, की त्यावरून उतरणाऱ्या नद्यांना लांबलचक वाहण्यास वावच मिळत नाही. त्या थोडक्यात आटोपतात आणि त्यांच्या मुखांत समुद्र आत शिरून खाड्या होतात. सावित्रीची बाणकोटची खाडी, वाशिष्ठीची दाभोळची, शास्त्रीची जयगडची, काजळीची भाट्याची, मुचकुंदीची पूर्णगडची, वाघोटणची विजयदुर्गाची, अशा एकामागून एक खाड्या आत घुसलेल्या, आणि दोन खाड्यांच्या मधे समुद्रात पुढे आलेले डोंगर. दक्षिणेकडे या डोंगरांचे माथे जांभ्या दगडाचे, सपाट व उघडे असतात. त्यांना सडा म्हणतात. उतारांवर ऐन, किंजळ, काजू, आंबा यांची दाटी. खाली वाडीत, म्हणजे घरालगतच्या बागेत, नारळी-पोफळी. पुळणीला सुरूचे बन आणि खाडीच्या चिखलात तिवरांचे रान. पसरलेल्या पंजावरून मुंगीने करंगळीकडून अंगठ्याकडे, एकही बोट न टाळता जावे, तसा हा रस्ता जातो: घाट चढला की सडा, सडा संपला की उतार, उतार संपला की गाव, गाव संपले की खाडी. आणि खाडीवर पूल नसला, की तक्ता कितीही काटेकोर असो, फेरीबोट येईपर्यंत काठावर उभे राहणे एवढेच हाती उरते.

या फेरीबोटीला किनाऱ्यावर जंगलजेटी म्हणतात. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा ठिकाणी तिची ये-जा चालते. दाभोळहून समोर धोपाव्याचा डोंगर स्पष्ट दिसतो, त्यावरची घरेही मोजता येतात, पलीकडे जाण्यास बोटीला दहा-पंधरा मिनिटे लागतात. तेच अंतर चिपळूणला वळसा घालून रस्त्याने गेल्यास शंभराच्या आसपास किलोमीटर भरते. मोबाईलमधील नकाशावाली बाई, जिचा आवाज दोघांच्या संसारात एव्हाना तिसऱ्या माणसाच्या अधिकाराने बोलू लागलेला असतो, कधी वळसा सुचवते तर कधी सरळ पाण्यातूनच निळी रेघ ओढून ‘पुढे जात राहा’ असे सांगते, आणि नवरा काही काळ तिच्यावर विश्वास ठेवावा की डोळ्यांवर, याचा विचार करीत धक्क्याच्या उतारावर हँडब्रेक ओढून बसतो.

बोट लागल्यावर फळी खाली येते आणि तिच्यावरून प्रथम डोक्यावर पाट्या घेतलेल्या कोळणी, मग शाळेची मुले, मग दुचाक्या आणि शेवटी मोटारी उतरतात. नंतर चढण्याचा क्रम. काही बोटींवर मोटार उलटी चढवावी लागते, आणि येथे नवऱ्याच्या चाळीस वर्षांच्या वाहनपरवान्याची परीक्षा होते. ही चाळीस वर्षे बहुतांशी परवान्यानेच पाकिटात काढलेली असतात. मागे खलाशी ‘या, या, या, अजून या’ म्हणत असतो. डावीकडे बायको, जी गाडी चढवण्यापूर्वीच ‘मी आपली चालत येते’ म्हणून उतरलेली असते, दोन्ही हात वर करून ‘बास, बास’ म्हणत असते. आणि नवऱ्याला एका आरशात सुखरूपपणा व दुसऱ्यात वैधव्याची भीती अशी दोन परस्परविरोधी दृश्ये दिसत असतात. ‘काकी, तुम्ही जरा बाजूला व्हा’ असे खलाशी म्हणतो. ‘अरे, पण मागे पाणी आहे!’ असे काकी म्हणतात. ‘पाणी तर चारी बाजूंना आहे, काकी,’ हे खलाशाचे उत्तर इतके बिनतोड असते, की त्या गोंधळात गाडी जागेवर बसते, खलाशी बॉनेटवर हाताने एक थाप मारतो आणि नवरा खाली उतरून आपणच सर्व केल्यासारखी मान हलवतो. पलीकडच्या काठी पोहोचेपर्यंत पुढच्या गाडीतले कुटुंब परळचेच, किंबहुना मागच्याच गल्लीतले निघालेले असते आणि चिवड्याचा पहिला पुडा फुटलेला असतो.

तक्ता सर्वप्रथम कोलमडतो तो हेदवीला. गुहागर तालुक्यातील या गावी दशभुज गणेशाचे देऊळ आहे आणि समुद्राकाठी काळ्या खडकात एक अरुंद, खोल भेग आहे, जिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी लाट या भेगेत कोंडली जाऊन पाण्याचा मोठा लोट उंच उडतो आणि तो पाहण्यासाठी लोक लांबून येतात. तक्त्यात बामणघळीला दुपारी 1.30 ते 1.50 अशी वेळ दिलेली असते, कारण त्या आधी देऊळ आणि त्या नंतर जेवण असते. दीड वाजता तेथे एक कोरडी भेग, दोन खेकडे आणि जाळे विणीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ असतात. लाट कधी येते, असे त्यांना विचारले जाते. ते जाळ्यातून मान वर न करता सांगतात, ‘आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. सकाळची झाली, आता संध्याकाळी साडेसातला. पण तेव्हा काळोखात काय बघणार? उद्या एकादशी, सव्वाआठला या.’

हा हिशेब किनाऱ्यावर सर्वांना तोंडपाठ असतो. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही रोज साधारण तेवढीच पुढे सरकते. त्यामुळे पंधरवड्यातील तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट केली, की भरतीची वेळ तासांत मिळते, त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, आणि बारा-साडेबारा तासांनी पुन्हा भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. नवऱ्याला ही पद्धत ढोबळ वाटते. तो मोबाईलवर भरती-ओहोटीचे कोष्टक शोधू लागतो, पण हेदवीच्या खडकावर मोबाईलला रेंज नसते. बायको मात्र पर्समधून छोटे कालनिर्णय काढते, एकादशीवर बोट ठेवते, मनाशी पुटपुटते आणि ‘बरोबर आहे हो, सव्वाआठच’ असे जाहीर करते. मुक्काम एक दिवस वाढतो. तक्त्यातील पुढच्या सगळ्या वेळा एकेका दिवसाने सरकवण्यात नवऱ्याची ती संध्याकाळ जाते, आणि ‘निवांत 6.50 ते 7.30’ हा रकाना त्या खाडाखोडीतच निघून जातो.

जेवणाच्या बाबतीतही सत्ता प्रवाशाच्या हाती नसते. या पट्ट्यातील घरगुती खानावळींत ‘किती पानं?’ हा प्रश्न सकाळी नवाच्या आत दूरध्वनीवर विचारला जातो आणि पान म्हणजे एका माणसाचे जेवण; नारळ खवून, पिठी काढून उकडीचे मोदक करावयाचे असल्यास ते आदल्या दिवशीच सांगावे लागतात. भूक लागल्यावर खायचे असते, ही समजूत ज्यांनी गिरगावात पावलोपावली बटाटेवडे तळले जाताना पाहिले त्यांची. येथे भुकेला आगाऊ नोंदणी लागते. वालाचे बिरडे, फणसाची भाजी, आंबोळी आणि सोलकढी पानात पडल्यावर नवरा ‘असं आपल्याकडे मिळत नाही’ असे म्हणतो, आणि बायको, जिने गेली तीस वर्षे हेच पदार्थ घरी केलेले असतात, काहीही न बोलता दुसरी आंबोळी घेते. त्या न बोलण्याचा अर्थ त्याला पुढील खाडीपर्यंत पुरतो.

मासळीची गोष्ट निराळी. लालबाग-परळच्या जोडप्याला हर्णैच्या बंदरावर लिलाव लागल्याचे कळले, की आजवरचे सर्व सूर्यास्त एका क्षणात मागे पडतात. होड्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर उभ्या असतात, टोपल्या उतरवून वाळूवर ओतल्या जातात, भोवती कोंडाळे जमते, आणि बोली इतकी झरझर चढते की नवख्याला ती भांडणासारखी वाटते. बोली लागते ती ढिगावर, आणि घेणारे व्यापारी असतात. नवरा, ज्याने दादरच्या बाजारात एका पापलेटसाठी अर्धा तास घासाघीस केल्याचा लौकिक असतो, बाहेरच्या कडेवर उभा राहून मान हलवू लागतो. लिलावात मान हलवणे हे गंभीर कृत्य आहे. बायको त्याला दंडाला धरून बाजूला घेते आणि दोनच बांगडे एका कोळणीकडून सुटे विकत घेते, ज्यांचे काय करायचे हा प्रश्न हॉटेलच्या खोलीत उभा राहतो. तेव्हा पुन्हा खाली उतरून स्वयंपाकघरातील बाईंना गाठले जाते, आणि त्यांचे माहेर शिवडीला असल्याचे उघड होऊन बांगडे तळले जातात.

रानाचा भाग मात्र दोघेही आदराने पार पाडतात. काशीद आणि मुरूड यांच्यालगतचे फणसाड अभयारण्य हे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान. 1986 साली ते अभयारण्य झाले आणि तेथे शेकरू, म्हणजे झाडावर राहणारी मोठी तांबूस खार, जिला राज्यप्राण्याचा मान आहे, आढळते. जोडपे शेकरू पाहावयास जाते आणि माकडे पाहून परत येते, पण माकडेही ‘इथली वेगळीच वाटतात’. दापोलीजवळ आसूदच्या केशवराजाला जाताना पोफळीच्या सावलीतून पाखाडीने, म्हणजे दगड बसवलेल्या पायवाटेने, उतरून ओढा ओलांडावा लागतो आणि मग पुष्कळ पायऱ्या चढाव्या लागतात. खरे तर संपूर्ण प्रवासात दोघे कोणताही उद्योग न करता शेजारी शेजारी बसलेले असे फक्त या पायऱ्यांवर आढळतात. नवरा हे विश्रांतीसाठी नसून बायकोच्या गुडघ्यांसाठी असल्याचे सांगतो, आणि बायको तसे म्हणू देते.

या किनाऱ्यावर समुद्र पाहण्यास निघालेले मराठी जोडपे चार दिवसांत नकळत तीर्थयात्रेला लागते, हेही नोंदवले पाहिजे. हरिहरेश्वर, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, गुहागरचा व्याडेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर; जेथे म्हणून सुंदर कडा, उत्तम पुळण किंवा मोक्याचा उंचवटा आहे, तेथे पूर्वजांनी देव नेऊन बसवलेला असल्यामुळे नुसता समुद्र असा येथे भेटतच नाही; चप्पल काढल्यावाचून त्याचे दर्शन होत नाही. गणपतीपुळ्याशेजारच्या मालगुंड गावी 1866 साली केशवसुतांचा जन्म झाला. दादरहून सावंतवाडीला जाणाऱ्या गाडीला त्यांच्या कवितेवरून ‘तुतारी’ हे नाव दिलेले आहे, आणि नवरा स्मारकासमोर उभा राहून बायकोला गाडीचे वेळापत्रक सांगतो.

पूर्णगडच्या पुढे कशेळीच्या सड्यावर एक हत्ती आहे. हा जांभ्याच्या सपाट कातळावर प्रागैतिहासिक काळातील माणसांनी कोरलेला असून त्याची लांबी सुमारे 18 मीटर भरते, आणि त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर अनेक प्राण्यांची चित्रे खोदलेली आहेत. कोकणातील अशी कातळशिल्पे 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. जोडपे भर उन्हात सड्यावर पोहोचते, चहूकडे पाहते, आणि एवढा मोठा हत्ती दिसत कसा नाही यावर बराच वेळ चर्चा करते. मग गुरे चारणारा एक मुलगा लांबून हाक मारून सांगतो, ‘काका, पायाखाली बघा. सोंडेवर उभे आहात.’

विजयदुर्गाची खाडी ओलांडली की प्रवासाचे स्वरूप बदलते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न ‘गाव खंयचा?’ हा विचारला जातो, आणि ‘आम्ही आपले फिरायला आलोय’ हे उत्तर कोणालाही पटत नाही. लालबागहून आलेला माणूस कोणाचा तरी कोणी असलाच पाहिजे, या भूमिकेतून तपास सुरू होतो. तीन-चार आडनावे, दोन वाड्या आणि एक गिरणी इतक्यावर तो संपतो: सासऱ्याचे चुलते आणि चहावाल्याचे वडील डिलाईल रोडच्या एकाच गाळ्यात, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत, पाळ्यापाळ्यांनी झोपत होते आणि 1982 च्या गिरणी संपात दोघेही गावी परतले होते. यानंतर चहाचे पैसे घेतले जात नाहीत, जेवल्याशिवाय सोडले जात नाही, आणि तारकर्लीच्या आरक्षित खोलीचे भाडे वाया जाऊन हे जोडपे कोणाच्या तरी पडवीत मुक्कामाला राहते. चटई लागते. बायको त्याबद्दल काहीही बोलत नाही, कारण काही विजय असे असतात की त्यांची घोषणा केल्याने त्यांचे तेज कमी होते.

वेंगुर्ल्याच्या पुढे आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. हा गावाचा राखणदार देव रात्री गावाभोवती फेरी मारतो आणि त्यामुळे त्याच्या वहाणा झिजतात, या श्रद्धेने भाविक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा आणि केळ्यांचे घड अर्पण करतात. ज्याला रोज हाच रस्ता तुडवायचा आहे, ज्याच्यापुढे कोणताही तक्ता नाही आणि खाण्याची सोय भक्तांकडे आहे, अशा या प्रवाशासमोर नवरा हात जोडून नेहमीपेक्षा जरा अधिक वेळ उभा राहतो. तेथून रेडी जवळच. पुढे तेरेखोलची खाडी आणि गोवा.

परतीचा प्रवास एका वाक्यात सांगता येतो: सहा पिशव्या भरतात, सातवी विकत घ्यावी लागते, आणि जाताना इतके दिवस घेतलेला किनारा टाळून महामार्गाने रातोरात मुंबई गाठली जाते. पहाटे पाचच्या सुमारास गाडी लालबागच्या गल्लीत शिरते तेव्हा आत सुका जवळा, कोकम व फणसपोळी यांचा संमिश्र दरवळ आणि बाहेर दोन्ही बाजूंना दाटीवाटीने लावलेल्या मोटारी असतात. ज्या जागेत ही गाडी एरवी उभी असते, जिच्या रक्षणासाठी निघताना दोन कुंड्या व एक मोडकी खुर्ची ठेवून वॉचमनला चहापाणी दिलेले असते, तेथे कोणाची तरी पांढरी मोटार असते. खुर्ची तिच्या टपावर असते. गल्लीला तीन फेऱ्या होतात. हेदवीचा घाट, दाभोळची फळी, हर्णैची वाळू यांपैकी कोठेही न खचलेला नवरा येथे प्रथमच स्टिअरिंगवर कपाळ टेकतो.

‘कामावर जाणारे साडेआठला गाड्या काढतात,’ तो म्हणतो. ‘तोपर्यंत काय करायचं?’

बायको पर्समधून कालनिर्णय काढते आणि मोबाईलच्या उजेडात पाहते. ‘आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे आत्ताच ओहोटी लागली. साडेसहा-सातपर्यंत शिवडीचा चिखल उघडा पडेल, फ्लेमिंगो अगदी जवळ येतात म्हणे. इतकी वर्षं इथे राहून एकदा पाहिले नाहीत. जाऊन येऊ या की, अहो, निवांत.’

नवरा गाडी पुन्हा सुरू करतो, आरसा नीट करतो आणि विचारतो, ‘तिथे पार्किंगला जागा असते का?’